निळसर राखाडी

लेकीचं बाळंतपण आटोपून चिमणी पाच आठवड्यांनी कारखान्यात आली, तेव्हा तिची पहिली नजर गेली ती गाडीवर. गाडी मधोमध उभी होती, चारी दारं सताड उघडी. पुढच्या दोन्ही सीट शिवून, भरून जागेवर बसल्या होत्या. मागची सीट तयार होऊन मेजावर पडली होती आणि दारांची आवरणं भिंतीला ओळीने टांगलेली होती. एवढं सगळं दादाने एकट्याने उरकलं, म्हणून तिला क्षणभर कौतुक वाटलं. मग ती जवळ गेली.

सगळं जांभळट होतं.

"काय, कशी वाटते?" मागून दादाने विचारलं. आवाजात शाबासकीची वाट बघणं होतं.

"शिलाई सुरेख झालीये," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. सीटवरच्या उभ्या पन्हळी एकीसारखी दुसरी, टाका न टाका मोजून घातलेला. "बाकी मग सावकाश बघते. आत्ताच आलेय ना."

"बघ, बघ. शुक्रवारी अकराला संग्रहालयाच्या समितीचा माणूस येतोय. आपण तयार आहोत." दादाने समाधानाने हात पुसले आणि तो चहाला गेला.

चिमणी म्हणजे काही लहान पोर नव्हे. छप्पन्न वर्षांची, दोन नातवंडांची आजी, आणि अंगाने चिमणीपेक्षा कोंबडीच्या जवळची, असं ती स्वतःच म्हणायची. पण दादा अकरा वर्षांनी मोठा. ती पाळण्यात असताना त्याने ठेवलेलं नाव कारखान्याच्या भिंतींनाही पाठ झालं होतं. वडिलांनी दोघांना हे काम शिकवलं. गाड्यांच्या सीट, दारांची आवरणं, छतं. सुई दोघांनाही शिकवली, पण कात्री आणि रंग दादाकडे राहिले, शिवण हिच्याकडे. वडील गेल्यावरही वाटणी तीच राहिली.

आणि ही गाडी तर साधीसुधी नव्हती. पासष्ट वर्षांपूर्वीची, लांब नाकाची, शहराच्या संग्रहालयाने मिळवलेली. मधल्या काळात कुणा हौशी माणसाने तिच्या सीटवर चकचकीत लाल रेक्झिन चढवलं होतं. संग्रहालयाच्या बाईंनी गाडी आणली तेव्हा एकच अट घातली होती, की आतलं सगळं मुळात होतं तसं हवं. टाका तसाच, आतली भरण तशीच घोड्याच्या केसांची, आणि रंग तोच. रेक्झिन उसवल्यावर मागच्या सीटखाली, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे मूळ कातड्याचा तळहाताएवढा तुकडा शाबूत सापडला. निळसर राखाडी. बाईंनी त्याचे दोन भाग करून एक स्वतःकडे नेला होता. शुक्रवारी तोच तुकडा हातात घेऊन समितीचा परीक्षक येणार होता.

दादा चहाला गेलेला बघून चिमणीने कपाटातून आपला अर्धा तुकडा काढला आणि सीटवर ठेवला. उगाच मनाची समजूत घालायला जागाच उरली नाही. एक राखाडी होता आणि दुसरं चक्क वांगं.

तिला कळेना, हे झालं कसं? लोक यंत्रावर रंग जुळवायला लागले तेव्हा दादा हसला होता. तीन-चार बाटल्या, एक पांढरी बशी आणि उजव्या हाताची करंगळी, एवढ्यावर त्याने चाळीस वर्षं रंग जुळवले होते. लांबलांबून लोक नुसता रंग लावून घ्यायला यायचे. त्याच्या नजरेतून वांगं सुटावं?

तिने कोपऱ्याकडे बघितलं. तिथे सुतार गाडीच्या दाराची लाकडी पट्टी घासत होता. वीस वर्षं त्यांच्याकडे असलेला, मोजकं बोलणारा माणूस. तिची नजर आपल्यावर आली हे कळूनही त्याने मान वर केली नाही. उलट जास्तच जोरात घासायला लागला.

म्हणजे त्यालाही दिसत होतं.

*

दुपारी ती जेवायला दादाच्या घरी गेली. वहिनी ताटं मांडत होत्या. दादा हात धुवायला आत गेला तसं चिमणीने आवाज दाबून विचारलं, "वहिनी, दादाच्या डोळ्यांना काही झालंय का?"

वहिनींच्या हातातली वाटी ताटावर आपटली. त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "मोजे," त्या म्हणाल्या.

"मोजे?"

"वर्ष झालं. एका पायात काळा, एका पायात निळा घालून निघाले होते. मी हसले तर माझ्यावरच चिडले, म्हणे दोन्ही काळेच आहेत. तेव्हापासून मी जोड्या गाठ मारूनच ठेवते." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की घर डोक्यावर घेतात. मी काय करू, सांग."

"मला आधी सांगायचं नाही?"

"तू सांगितलं असतंस का त्यांना?"

दादा आला, पाटावर बसला, आणि नातवाचं नाव काय ठेवणार म्हणून विचारायला लागला. ती हसून उत्तरं देत राहिली आणि घास तोंडात फिरत राहिला.

तिने मनाशी बेत केला. दादाला कळूही न देता रंग सुधारायचा. जांभळट झाक मारायची तर वरून पिवळसर हिरव्याचा अगदी पातळ हात द्यायचा, एवढं तिने वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. दादा जेवून अर्धा तास पडायचा. ती तडक कारखान्यात आली, दादाने रंगवलेल्या कातड्याचा एक वाया गेलेला तुकडा घेतला, दादाची बशी काढली आणि बाटल्या उघडल्या. पहिल्या हाताला तुकडा शेवाळासारखा झाला. दुसऱ्याला चिखलासारखा. तिसरा ती मिसळतच होती, तेवढ्यात दारात सावली पडली.

"माझ्या बाटल्यांना हात कुणी लावायला सांगितला तुला?"

बशी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"दादा, रंग चुकलाय."

तिने बशी धरलेल्या हातानेच सीटकडे खूण केली.

"जांभळा आलाय. सगळा. सीट, दारं, सगळं."

"पाच आठवडे तू नव्हतीस," दादा हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असायचा. "एकट्याने रात्रंदिवस काम ओढलं मी. आणि तू आल्या दिवशी मला रंग शिकवतेस? सरळ सांग ना, म्हातारा झाला, आता कारखाना माझ्या हातात दे म्हणून."

"असलं काही बोलू नकोस हं."

"मग दाखव. दाखव वेगळं काय आहे ते."

तिने पांढरा कागद घेतला, दाराबाहेर उन्हात धरला. त्यावर एका बाजूला मूळ तुकडा, दुसऱ्या बाजूला दादाने रंगवलेला. दादा वाकला. डोळे बारीक केले, मोठे केले, कागद फिरवून घेतला. त्याच्या कपाळावर घामाचा थेंब आलेला तिला दिसला.

"एकच आहेत," तो म्हणाला. मग मागे वळून हाक मारली, "सुतारबुवा! जरा या इकडे. सांगा हिला."

सुतार रंधा हातात घेऊनच आला. कागदाकडे बघितलं, रंध्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. रस्त्यावरून एक मालट्रक घरघरत गेला.

"बोला की!"

"दादा," सुतार खाली मान घालून म्हणाला, "वांगं आहे ते."

दादाने कागद तिच्या हातात दिला. अगदी नीट, दोन्ही हातांनी, तुकडे खाली पडू नयेत म्हणून जपून. आणि तो रस्त्याला लागला. चिमणी हाका मारत राहिली, पण त्याने मागे वळून बघितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी दादा कारखान्यात आला नाही. वहिनींचा फोन आला: खोलीचं दार लावून बसलेत, चहासुद्धा घेतला नाही.

चिमणीने हिशेब मांडला. नवं कातडं मागवायचं तर दोन महिने लागणार. परवा अकरा वाजता परीक्षक दारात. म्हणजे आहे त्याच कातड्यावर रंग सुधारायचा, आणि तोही दिवसाउजेडी, कारण दिव्याखाली हा रंग भलतंच काही दाखवायचा. हातात आज आणि उद्याचा उजेड, बस. बाईंना फोन करून चूक कबूल करावी का, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तिने फोन खाली ठेवला. तिला स्वतःची काळजी नव्हती. चाळीस वर्षांचं दादाचं नाव एका फोनवर मातीत घालायला तिचा हात धजत नव्हता.

तिने पुन्हा बशी घेतली. नऊपर्यंत पाच तुकडे वाया गेले. एकदा झाक गेली, पण कातडं पत्र्यासारखं ताठ झालं. एकदा रंग जवळपास जमला आणि वाळल्यावर परत जांभळा उगवला. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"पिवळा किती घातलास?"

दादा दारात उभा होता. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. तो आत आला नाही, उंबऱ्यावरच थांबला.

"चार थेंब."

"पाण्यात?"

"नाही. तसाच."

"तसाच!" तो पुटपुटला. "वडील असते तर हातावर पट्टी मारली असती." तो आत आला, स्टुलावर बसला आणि बशी आपल्याकडे ओढली. "आधी जुना थर मऊ कपड्याने अर्धा उतरवायचा. मग रंग पाण्यासारखा पातळ. एका हातात काही होत नाही, चार हात द्यावे लागतात. आणि प्रत्येक हात पूर्ण वाळेपर्यंत तोंड बंद ठेवायचं."

"दादा, काल मी..."

"तोंड बंद ठेवायचं म्हटलं ना."

त्याने थेंब टाकले, करंगळीने ढवळले, तुकड्यावर फिरवले. हात तेच होते, हलके, नेमके, कुठे घाई नाही. मग त्याने तुकडा तिच्यापुढे धरला, आणि नजर मात्र भिंतीकडे वळवली.

"सांग."

"अजून जांभळा आहे. थोडा."

"थोडा म्हणजे? लाल बाजूने का निळ्या बाजूने?"

तिला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. तिने नीट बघितलं. "लाल बाजूने."

"हं." एक थेंब. "आता?"

"आता हिरवं वाटतंय."

"वाटतंय का आहे?"

"आहे."

असं तासभर चाललं. त्याने विचारायचं, तिने सांगायचं, आणि तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्याने धरायचं. तिला प्रत्येक उत्तराची भीती वाटत होती. आपण चुकलो तर याला कळणारच नाही, हा डोळे मिटून आपल्या मागे येतोय. अकराव्या तुकड्याला तिने मूळ तुकडा शेजारी ठेवला आणि दोघांमधली रेघ शोधायला लागली, तर ती सापडेना. तिने सुतारालाही बोलावलं. त्यालाही सापडेना.

"जमलं," ती म्हणाली.

दादाने मान हलवली. "डोळ्यांचं मला कळलं नव्हतं असं नाही," तो बशीकडे बघत म्हणाला. "दोन वर्षं वाटत होतं. म्हटलं, होईल आपोआप नीट."

*

त्या दिवशी मागची सीट झाली. गुरुवारी सकाळी चालकाची सीट झाली आणि दोन दारांची आवरणं. उजेडाशी शर्यत लागल्यासारखी तिघंही राबत होती. सुतारानेही कपडा हातात घेऊन जुना थर उतरवायला सुरुवात केली होती. चालकाच्या शेजारची सीट तेवढी अजून जशीच्या तशी होती. बारा वाजता चिमणी तिला हात घालणार, तोच बाहेर गाडी थांबली.

संग्रहालयाच्या बाई. एक दिवस आधी.

"म्हटलं, जाता जाता एक नजर टाकावी," त्या आत येत म्हणाल्या. पातळ चष्मा, नीटनेटक्या, हातात एक कातडी पेटी, जिच्यात त्यांचा अर्धा तुकडा असायचा. चिमणी त्यांना अडवायला पुढे झाली, पण उशीर झाला होता. बाई गाडीच्या उघड्या दाराशी गेल्या आणि थांबल्या.

पुढच्या दोन सीट शेजारी शेजारी. एक राखाडी, एक वांगी. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

"हे काय आहे?"

सुतार हातातल्या कपड्याची घडी घालायला लागला.

"मी विचारतेय, हे काय आहे? उद्या अकराला परीक्षक येताहेत. पुढच्या आठवड्यात दालन उघडतंय. मूळ रंग म्हणून मी समितीला लिहून दिलंय. हा रंग कुणी लावला?"

दादाने तोंड उघडलं, पण चिमणी आधी बोलली. "मी."

"तुम्ही? तुम्ही तर शिवणकाम बघता ना?"

"दादा आजारी होता. मी लावला. चुकला. आता तो दुरुस्त करतोय. उद्यापर्यंत..."

"खोटं बोलतेय ती," दादा म्हणाला.

"दादा!"

"गप्प बस, चिमणे. जन्मात तुला धड खोटं बोलता आलं नाही." तो स्टुलावरून उठला. उभा राहिल्यावर त्याने गाडीच्या दाराचा आधार घेतला. "ही इथे नव्हतीच, बाई. रंग मी लावला. मला दिसत नाही. निळा, जांभळा, राखाडी, सगळं मला एकच मातकट दिसतं. मला हे माहीत होतं आणि तरी मी तुमचं काम घेतलं. ही राखाडी सीट दिसतेय ना, ती हिच्या डोळ्यांनी झालीये. मी नुसते हात चालवले."

बाईंचा चेहरा कठीण झाला. "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"हो. सांगायला हवं होतं."

"आत्ता गाडी उचलून दुसरीकडे नेली तर?"

"तुमचा हक्क आहे."

बाईंनी पेटी उघडली, आपला तुकडा काढला आणि राखाडी सीटवर ठेवला. वाकून बघितलं. चष्मा काढून बघितलं. मग मागची सीट उजेडाला ओढायला लावली आणि तिच्यावरही ठेवला.

"ही शेजारची सीट कधी होईल?"

"उजेड जायच्या आत," चिमणी म्हणाली.

"आणि राहिलेली दारं?"

"एखादं राहील."

बाईंनी पेटी मिटली. "परीक्षकांना यातलं काही मी सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. उद्या अकरा." आणि त्या निघून गेल्या.

दादा मटकन स्टुलावर बसला. चिमणीने त्याला पाणी दिलं. त्याने दोन घोट घेतले, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाला, "बघत काय बसलीस? कपडा घे. चार वाजता ऊन त्या भिंतीमागे जातं."

चार वाजता शेजारच्या सीटचा तिसरा हात वाळत होता. पाचला त्यांनी ती खोलून गाडीबाहेर काढली आणि ढकलत ढकलत दारात आणली, शेवटच्या उजेडात. चौथा हात देताना चिमणीच्या मनगटात कळा येत होत्या. डावीकडचं मागचं दार राहिलं ते राहिलंच.

*

बाईंबरोबर आलेला परीक्षक होता तरुण, गोड बोलणारा आणि नजरेने महाकडक. त्याने पन्हळी मोजल्या, टाक्यांवर पट्टी लावली, भरणीत बोट खुपसून घोड्याच्या केसांचा वास घेतला. रंगाशी आल्यावर तो प्रत्येक सीटवर तुकडा ठेवत गेला आणि काही न बोलता कागदावर खुणा करत गेला. दादा हाताची घडी घालून उभा होता. समोरचं काहीच त्याला कळत नव्हतं, म्हणून तो चिमणीच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"डावं मागचं दार," परीक्षक अखेर म्हणाला. "हे नापास. जांभळं आहे. आठ दिवसांत बदलून द्या. बाकी सगळं मुळाबरहुकूम." मग त्याने सीटवरून हात फिरवला आणि विचारलं, "रंग कोणी जुळवला?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"आम्ही दोघांनी," दादा म्हणाला.

नापास दार सहाव्या दिवशी बदलून गेलं. महिन्याने दादाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढून दाखवला म्हणे, चहाच्या रंगाचा झाला होता. पट्टी निघाल्यावर वहिनी आणि चिमणी समोर बसल्या होत्या, काहीतरी आनंदाचं बोलेल या आशेने. दादाने खोलीभर नजर फिरवली. खिडकीचा पडदा बघितला, वहिनींचे कपडे बघितले, कोपऱ्यातली निळी बादली बघितली. बराच वेळ बघितली. आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं? दुखतंय का?" वहिनींनी घाबरून विचारलं.

"चिमणे," तो म्हणाला, "गेल्या दोन वर्षांत आपण कुणाकुणाच्या गाड्या केल्या?"

तिला पटकन कळलं नाही. मग कळलं. ती आठवायला लागली. वकिलांची पांढरी. त्या जुळ्या भावांची उघड्या टपाची. बंदरावरच्या म्हाताऱ्याची, जो सीट बघून डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होता, अगदी बाबांच्या वेळची. यातलं कुणीच तक्रार घेऊन आलं नव्हतं. न बोलता कुणी काय काय गिळलं होतं, कुणास ठाऊक.

"सात," ती म्हणाली. "नाही, आठ. पण दादा, कुणी काही म्हटलं नाही. आता कशाला उकरून..."

"माझा फोन दे."

"अरे, डॉक्टरांनी आराम करायला सांगितलाय."

"डोळ्याला सांगितलाय. तोंडाला नाही." त्याने हात पुढे केला. "वकिलांपासून सुरुवात करू. म्हणावं, तुमच्या गाडीची सीट एकदा दिवसाउजेडी बघायचीये. आणि तू बरोबर ये. डावा डोळा अजून तसाच आहे माझा."

चिमणीने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी फोन उचलून त्याच्या हातात दिला.

वकिलांच्या घरी घंटी वाजायला लागली. दादा ताठ होऊन बसला, सदऱ्याची कॉलर सारखी केली, आणि पलीकडून आवाज यायच्या आधीच त्याने घसा खाकरला.